अँबॅसॅडरचं वायरिंग सोडवून पुन्हा गुंडाळायचं कसं

जुन्या गाडीच्या वायरिंगवर नवी टेप मारणं आणि वायरिंग पुन्हा गुंडाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम कुठल्याही गॅरेजात चहा येईपर्यंत होऊन जातं. चिकट झालेल्या जुन्या टेपवर नवी टेप चढते, बॉनेट उघडलं की सगळं काळंभोर दिसतं, आणि आत काय सडतंय ते पुढची काही वर्षं कुणाला कळत नाही. दुसऱ्या कामात प्रत्येक वायर मोकळी होते, हाताखालून जाते, धुतली जाते, तपासली जाते आणि मगच तिच्यावर टेप येते. हा लेख या दुसऱ्या कामाचा आहे. सवड हवी आणि चिकाटी हवी, पण फार महागडी हत्यारं लागत नाहीत.

आपल्या बेळगाव भागात जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे दोन शत्रू आहेत आणि दोघंही एकाच जिल्ह्यात राहतात. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस, आणि पूर्वेला अथणी-रायबागकडचं ऊन. पावसाकडच्या गाड्यांत टर्मिनलपासून, म्हणजे वायरीच्या धातूच्या टोकापासून, आत तांबं हिरवं-काळं पडत जातं. उन्हाकडच्या गाड्यांत टेपचा डिंक वितळून वायरींचा एकच गोळा होतो. तिसरा शत्रू सगळीकडे सारखा: ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर शेडमध्ये येतात, आणि महिनोन्‌महिने न हललेली गाडी त्यांना आयती सापडते.

मी इथे उदाहरण अँबॅसॅडरचं धरलंय, कारण निपाणीपासून खानापूरपर्यंत अजूनही परसात, गोडाऊनमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्यांत तीच जास्त दिसते. पद्मिनी किंवा जुनी जीप असली तरी कामाची पद्धत हीच. फक्त रंग आणि फ्यूज बदलतात.

गुंडाळायचं की बदलायचं

हे आधी ठरवा. डॅशबोर्डखालची एक वायर धरा आणि बोटाभोवती वळवा. प्लास्टिकचं आवरण वाकलं आणि परत सरळ झालं, तर वायरिंग वाचवण्यासारखं आहे. वळवताना तडा गेला, पापुद्रा सुटला, तर नाही. इंजिनजवळची वायर वेगळी तपासा, कारण तिथलं आवरण उष्णतेनं आधी कडक होतं. तेवढ्याच चार-सहा वायरी बदलून बाकीचं वायरिंग राखता येतं.

गाडी फार जुनी असेल आणि वायरींवर रबर व त्यावर सुती कापड असेल, तर पुन्हा गुंडाळण्याचा विचार सोडून द्या. ते रबर आत भुसा झालेलं असतं. बाहेरून वायरिंग शाबूत दिसतं, पण हलवलं की आतून रबर गळून तांबं उघडं पडतं. तिथे जुनं वायरिंग फक्त नमुना म्हणून वापरायचं आणि नवीन बनवायचं.

आणखी एक गोष्ट. कुणीतरी मधल्या काळात म्युझिक सिस्टीम, फॉग लॅम्प, रिव्हर्स हॉर्न यांसाठी वायरी कापून जोड दिले असतील, तर त्यांची आधी मोजदाद करा. असे जोड वीस-पंचवीसच्या वर गेले, तर नवीन वायरिंग बनवणं सोपं पडतं.

सामान

मल्टिमीटर, चांगलं क्रिंपिंगचं (टर्मिनल वायरीवर दाबून बसवायचं) हत्यार, २१ वॅटचा एक इंडिकेटर बल्ब होल्डरसकट, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून बसणारी, आतून डिंक असलेली), थोडी खरी ऑटो वायर. घरच्या वायरिंगची वायर गाडीत घालू नका. तिच्या तारा जाड आणि कमी असतात, सततच्या थरथरीनं तुटतात, आणि तेल-पेट्रोल लागेल असं धरून तिचं आवरण केलेलं नसतं.

टेप कापायला ब्लेड वापरू नका. मेडिकलमध्ये ड्रेसिंगची बोथट टोकाची कात्री मिळते. तिची बोथट बाजू टेपखाली सरकते आणि वायरीला ओरखडाही येत नाही. बारीक जागी शिंप्याचं शिवण उसवायचं हत्यार चालतं, पण हात हलका हवा.

मेण लावलेला दोरा घ्या. अथणी-निपाणीकडे चपला शिवणाऱ्यांकडे तो सहज मिळतो, आणि वायरींचा जुडगा तात्पुरता बांधायला त्याच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. गाठ सरकत नाही, आवरणात रुतत नाही, आणि टेप त्याच्यावरून गेली तरी उंचवटा येत नाही. केबल टायनं हे काम होतं, पण प्रत्येक टायचं डोकं टेपखाली ढेकूळ करतं.

काढण्याआधी

बॅटरी सोडा. कुठलीही गाडी असो, अर्थचं, म्हणजे बॉडीला जोडलेलं, टर्मिनल पहिलं सोडायचं आणि शेवटी लावायचं. हे सांगण्याचं कारण असं, की १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते. त्यामुळे "निगेटिव्ह सोडा" हा सल्ला डोळे झाकून पाळू नका. केबल बॉडीला जाते ती कुठली, ते आधी बघा आणि कागदावर लिहा.

फोटो काढा, भरपूर काढा, पण फोटोवर विसंबू नका. डॅशबोर्डखालच्या फोटोत सगळ्या वायरी धुळीच्या रंगाच्या दिसतात. प्रत्येक टोकाला चिठ्ठी हवीच. मास्किंग टेपवर पेनानं लिहिलेलं घामानं आणि तेलानं दोन दिवसांत पुसतं. त्यापेक्षा कंट्रोल पॅनल बनवणारे वायरीवर आकड्यांचे छोटे प्लास्टिकचे मणी चढवतात, ते घ्या. उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानांत विचारलं की मिळतात. मणी चढवण्यासाठी टर्मिनल काढावं लागेल असं वाटलं, तर आकडे छापलेली चिकटपट्टी लावून वर पारदर्शक टेपचा एक वेढा द्या.

चिठ्ठीवर आकडेच लिहा, शब्द नको. तुम्ही मराठीत "डावा इंडिकेटर" लिहाल आणि नंतर जोडायला येणारा मिस्त्री बैलहोंगलचा, फक्त कन्नड वाचणारा असेल. १ ते ६० असे इंग्रजी आकडे दोघांनाही वाचता येतात. त्या आकड्यांची यादी एका वहीत: आकडा, वायरीचा रंग, कुठून सुटली, टर्मिनल कुठल्या प्रकारचं. ही वही म्हणजे निम्मं काम.

वायरिंग बाहेर ओढताना प्रत्येक टोकाला सुतळी बांधा आणि मगच ओढा. वायरिंग बाहेर येतं, सुतळी तिच्या जागी राहते, आणि परत बसवताना तीच सुतळी वाट दाखवते. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या लांब फाट्याला हे केलं नाही, तर नंतर छताच्या आणि उंबऱ्याच्या पोकळीत तार घालून चाचपडत बसावं लागतं.

फळी

इथे घाई करू नका. बहुतेक जण वायरिंग जमिनीवर टाकतात, टेप सोडवतात आणि मग समोर फाटे फुटलेल्या वायरींचा ढीग बघत बसतात. कुठला फाटा खोडापासून, म्हणजे मुख्य जुडग्यापासून, कुठे निघत होता, किती लांब होता, हे टेपच सांगत असते. टेप गेली की ती माहितीही गेली.

म्हणून टेपला हात लावण्याआधी प्लायवूडची फळी घ्या. दोन जुने दरवाजे जोडून ठेवले तरी चालतं. वायरिंग गाडीत जसं बसतं त्याच वळणांत फळीवर अंथरा. प्रत्येक फाट्याच्या बगलेत एक खिळा, प्रत्येक वळणाला दोन्ही बाजूंनी खिळे, प्रत्येक टोकाला एक खिळा. मग पेन्सिलीनं पूर्ण आराखडा फळीवर उतरवा आणि प्रत्येक टोकाशी वहीतला आकडा लिहा. क्लिपा जिथे येत होत्या तिथे खूण करा. जुन्या टेपवर क्लिपेचा दाब बसून चपटा डाग पडलेला असतो, त्यावरून जागा सापडते.

वळणं फळीवर खरीखुरी हवीत. जुडगा सरळ ताणून गुंडाळला आणि नंतर गाडीत वाकवला, तर बाहेरच्या बाजूच्या वायरी ताणल्या जातात, आतल्या बाजूच्या फुगतात आणि टेपचे वेढे तिथे तोंड उघडतात. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत शिरणारं वळण, स्टिअरिंग कॉलमकडे वर जाणारं वळण, ही दोन तर जशीच्या तशी हवीत.

टेप सोडवणं

आता टेप सोडवा, पण एकदम नको. एका टोकापासून वीतभर सोडवा, लगेच दोऱ्यानं चार-चार बोटांवर गाठी मारा, मग पुढची वीत. असं करत गेलात तर वायरींची आपापसातली जागा बदलत नाही. वायरींची गुंफण बिघडली की जुडगा जाड होतो आणि पत्र्याच्या भोकात बसवलेल्या जुन्या रबरी कड्यातून, म्हणजे ग्रोमेटमधून, जात नाही.

सोडवताना वही शेजारी ठेवा. हा निदानाचा भाग आहे. टेपच्या आत तीन प्रकारचा कचरा सापडतो. पहिला, कुणीतरी दिलेले पिळाचे जोड, बहुतेक डॅशबोर्डच्या मागे. दुसरा, वितळून एकमेकांना चिकटलेल्या वायरी. अशा ठिकाणी एकेकाळी शॉर्ट झालं होतं, आणि जळलेली वायर कुठली होती ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तिच्या शेजारच्या तीन-चार वायरींचं आवरणही आतून पातळ झालेलं असतं. तिसरा, उंदरानं कुरतडलेला भाग. तो साधारण ऊब धरणाऱ्या जागी असतो, बॅटरीच्या ट्रेमागे किंवा हीटरच्या पेटीजवळ.

रंग ओळखायला त्रास होतो. उन्हानं लाल फिका पडून तपकिरीसारखा दिसतो आणि जांभळा निळ्यासारखा. रंगाचा खरा पुरावा टेपच्या आत किंवा टर्मिनलच्या रबरी टोपीखाली मिळतो, जिथे उजेड पोचलेला नाही.

अँबॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या घराण्यातली, त्यामुळे तिचं मूळ वायरिंग ल्युकास या इंग्रजी कंपनीच्या रंगपद्धतीचं. ही पद्धत एकदा डोक्यात बसली की निम्मा नकाशा वाचता येतो. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा करंट. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, फ्यूज नसलेला. हिरवी म्हणजे तोच करंट फ्यूजमधून पुढे गेलेला. जांभळी म्हणजे किल्ली बंद असतानाही चालू, पण फ्यूजमधून आलेला. हॉर्न आणि आतला दिवा यावर असतात. लाल म्हणजे साइड आणि टेल लॅम्प. निळी हेडलाइटची: निळीवर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, हिरवी-जांभळी ब्रेक लाइट. काळी अर्थ. पद्मिनी फियाटच्या घराण्यातली, तिची पद्धत वेगळी. हा तक्ता तिला लावायला गेलात तर फसाल.

धुणं

जुन्या डिंकासाठी पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर वापरायची आपल्याकडे सवय आहे. नको. वायरीच्या प्लास्टिकला मऊ ठेवणारा अंश ही द्रावणं ओढून काढतात. वायर त्या दिवशी स्वच्छ दिसते आणि नंतर काडीसारखी कडक होते. डिंकावर कापडानं थोडं डब्ल्यूडी-४० चोळा, डिंक सुटला की लगेच भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून घ्या. चिवट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल. टोकं पाण्यात बुडवू नका; पाणी तारांच्या मधून आत चढतं.

सावलीत पूर्ण वाळवा. मग हातावर थोडी टाल्कम पावडर घेऊन जुडग्यावरून हात फिरवा. वायरी एकमेकींवर सरकत्या राहतात आणि वळणं नीट बसतात.

हे काम दिवाळीनंतर काढा. श्रावणात हवेतच इतकी ओल असते की वाळलं म्हणून ज्यावर टेप मारता ते आतून दमटच असतं.

दुरुस्ती

प्रत्येक टर्मिनलजवळ आवरण थोडं मागे सोलून तांबं बघा. लाल-चकचकीत असेल तर ठीक. काळं असेल तर अर्धा-अर्धा इंच मागे कापत जा. दोन-तीन इंच मागे जाऊनही तांबं काळंच निघत असेल, तर ती वायर टोकापासून टोकापर्यंत बदला. जोड देऊन ती वाचत नाही, कारण ओल तारांच्या मधून पुढे सरकलेली आहे.

बदलायची असेल तर जाडी मूळचीच हवी. ऑटो वायरच्या जाडीचा आकडा तारांच्या हिशोबात असतो: १४/०.३० म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या १४ तारा, साधारण १ चौरस मिलिमीटर. इंडिकेटर, टेल लॅम्प यांना पुरे. २८/०.३० म्हणजे २ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला ती. बॅटरी ते स्विच या मुख्य तपकिरी वायरीला ४४/०.३० किंवा त्याहून जाड. दुकानदार "चालतंय की" म्हणत बारीक वायर पुढे करेल. तारा मोजून घ्या.

जोड कसा द्यायचा यावर मिस्त्री लोकांत वाद आहे. जुने हात डाख देतात. डाख देऊन जोड पक्का होतो यात शंका नाही, पण डाख तारांमधून थोडा पुढे पाझरतो आणि जिथे संपतो तिथे वायर एकदम कडक-मऊ होते. गाडी थरथरत राहिली की नेमकी तिथेच तुटते. म्हणून मी डाखापेक्षा क्रिंपिंगच्या बाजूचा: योग्य मापाचं बिनआवरणाचं टर्मिनल, योग्य जबड्याचं हत्यार, वर डिंकवाली हीट श्रिंक. पक्कडीनं चेपलेलं टर्मिनल हे क्रिंपिंग नव्हे. चेपल्यावर वायर हातानं जोरात ओढून बघा. निघाली तर आत्ता निघाली हे बरं.

एकाच ठिकाणी सगळे जोड येऊ देऊ नका. पाच वायरींना जोड द्यायचे असतील तर प्रत्येक जोड आधीच्यापासून दीड-दोन इंच पुढे-मागे घ्या, नाहीतर जुडग्याला तिथे गाठ दिसते. ग्रोमेटमध्ये आणि वळणावर जोड नकोच. ल्युकासची गोल टोकं, ज्यांना बुलेट म्हणतात, ती ४.७ मिलिमीटरची असतात. बाजारात मिळणारी थोडी कमी-जास्त मापाची टोकं जुन्या सॉकेटात बसल्यासारखी वाटतात आणि ढिली राहून तापतात.

पुढे काही वाढवायचं असेल तर आत्ताच. हॅलोजनचे ६०/५५ वॅटचे बल्ब लावले असतील, तर अप्परवर दोन्ही मिळून १० अँपिअर जुन्या स्विचमधून जातात. त्याला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा आणि रिलेच्या वायरी याच जुडग्यात घाला. गुंडाळून झाल्यावर बाहेरून वायर लटकवायची असेल तर एवढा खटाटोप करूच नका.

फ्यूजबद्दल एक गोष्ट, जिच्यामुळे गाड्या जळाल्या आहेत. ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर छापलेला ३५ हा आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहून न्यायची त्याची ताकद निम्मी, साधारण १७ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तशाच दिसणाऱ्या फ्यूजवरचा आकडा सतत वाहण्याचा असतो. म्हणजे तिथला ३५ चा फ्यूज बसवला, तर फ्यूजआधी वायर जळते. दुसऱ्या प्रकारचा घ्यायचा झाला तर १५ चा घ्या. मूळ रचनेत हेडलाइटला फ्यूज नसतो. अप्पर आणि डिपर दोन्हींसाठी वेगळे फ्यूज आता घालून ठेवा. पद्मिनीत टॉर्पेडो आकाराचे फ्यूज असतात, त्यांत रंगावरून कळतं: पांढरा ८ अँपिअर, लाल १६.

टेपआधीची चाचणी

मल्टिमीटर वायरीच्या दोन टोकांना लावला आणि शिट्टी वाजली म्हणजे वायर चांगली, असं नाही. चौदा तारांतली एकच शिल्लक असली तरी शिट्टी वाजते. म्हणून महत्त्वाच्या वायरींना भार देऊन बघा: बॅटरी, मग वायर, मग हेडलाइटचा बल्ब. बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर आत काहीतरी खराब आहे. तोच बल्ब पेटता ठेवून वायर ठिकठिकाणी वाकवा. उजेड लवलवला तर तिथे तारा तुटल्यात.

शेजारशेजारच्या वायरी एकमेकींना लागत नाहीत ना, हेही मीटरवर बघून घ्या. ज्या वायरीची चाचणी झाली तिच्यापुढे वहीत टिक करा. टिक नसलेली एकही वायर टेपखाली जाऊ नये.

टेप कुठली

घरगुती चिकट टेप नको, कितीही भारी असली तरी. बॉनेटखालच्या उष्णतेत तिचा डिंक वाहतो, टेप सरकते, धूळ त्या डिंकावर बसते आणि पुढच्या माणसाला तोच गोळा सोडवत बसावं लागतं.

साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांना कारखान्यात लावलेली टेप कोरडी होती, डिंक नसलेली पीव्हीसीची. ती स्वतःच्या ताणावर आणि स्वतःच्या वेढ्यांवर धरून राहते. आजही १९ आणि २५ मिलिमीटर रुंदीत ती मिळते. वायरिंग हार्नेस बनवणाऱ्यांना लागते, त्यामुळे त्यांच्या सामानाच्या दुकानात "बिनडिंकाची टेप" म्हणून विचारा. एसीचे मिस्त्री पाइपवर गुंडाळतात तीही याच जातीची, पण रुंदी जास्त आणि इंजिनच्या उष्णतेसाठी ती बनवलेली नसते. इंजिनजवळ कापडी टेप जास्त टिकते; टेसा कंपनीची ५१०३६ क्रमांकाची कापडी टेप इंजिन खोलीसाठीच आहे. केबिनमध्ये, डॅशबोर्डमागे, मऊ लोकरीसारखी टेप आवाज करत नाही. पण ती पाणी धरते, म्हणून बॉनेटखाली लावू नका.

प्लास्टिकच्या चिरलेल्या नालीदार पाइपात वायरी कोंबायची फॅशन आहे. जुन्या गाडीला ती शोभत नाही, हे सोडा. त्यात चिखल शिरला की बाहेर यायला वाट नसते.

किती टेप लागेल याचा हिशोब सोपा आहे. खोडाचा व्यास १५ मिलिमीटर धरा, म्हणजे परीघ सुमारे ४७. टेप १९ ची, अर्धी टेप अर्ध्यावर चढते, म्हणजे प्रत्येक वेढ्याला पुढे सरकते साडेनऊ मिलिमीटर. एका मीटरला सुमारे १०५ वेढे, आणि टेप साधारण ५ मीटर. बारीक फाट्यांना कमी लागते. या मापानं मोजून वर एक रीळ जास्त आणा.

गुंडाळणं

फाटे आधी, खोड नंतर. प्रत्येक फाटा टोकाकडून खोडाकडे गुंडाळत या आणि बगलेत पोचल्यावर खोडावर दोन वेढे घेऊन थांबा. मग खोड गुंडाळताना ते वेढे खाली दाबले जातात आणि फाट्याचं टोक कधी उलगडत नाही. बगलेत एक वेढा फाट्याच्या वरून, एक खालून, असा फुलीसारखा घ्या.

जो भाग गाडीत उभा किंवा तिरका असतो, तिथे खालून वर गुंडाळा. वरचा वेढा खालच्यावर चढला की पाणी कौलांवरून जावं तसं ओघळून जातं. उलट गुंडाळलं तर प्रत्येक सांधा पाणी आत घेतो. खोडाचा जो भाग गाडीत सगळ्यात खाली येतो, तिथे बोटभर जागा न गुंडाळता सोडा. वायरिंगमध्ये पाणी शिरणारच, त्याला निघायला वाट हवी. कणकुंबीकडच्या गाडीला तर ही जागा हवीच.

ताण हाताला समजतो. रीळ जुडग्याच्या अगदी जवळ धरा, वीतभर टेप सोडून लांबून ओढू नका. टेप किंचित ताणलेली, पण तिचा रंग पांढुरका होईल इतकी नाही. प्रत्येक वेढ्यानंतर अंगठ्यानं दाब द्या. अर्ध्यावर अर्धा चढ शेवटपर्यंत सारखा ठेवा. रेषा तिरक्या आणि समांतर दिसल्या पाहिजेत. शेवटचे चार-पाच वेढे अजिबात न ताणता घ्या, कारण ताणलेली टेप मागाहून आकसते आणि टोक सोडवते. टोक शेवटच्या ढिल्या वेढ्याखालून घालून ओढून घट्ट करा, किंवा त्यावर हीट श्रिंकचा छोटा तुकडा बसवा. तो तुकडा टर्मिनल लावण्याआधी वायरींवर चढवून ठेवावा लागतो, हे विसरलं जातं.

दोऱ्याच्या गाठी काढायच्या नाहीत, टेप त्यांच्यावरूनच जाऊ दे. ग्रोमेटच्या जागी दुहेरी थर, क्लिपेच्या जागी कापडी टेपचे दोन वेढे. इंजिनकडून बॉडीकडे जाणारा फाटा आणि स्टिअरिंग कॉलमचा फाटा घट्ट गुंडाळू नका. तिथे हालचाल होते, म्हणून थोडी लांबी सैल ठेवून ढिली स्लीव्ह घाला.

परत बसवणं

सुतळीच्या टोकाला वायरिंग बांधा, टर्मिनलांवर टेपचा निमुळता कोन करा आणि दोघांनी मिळून घाला: एक ओढणारा, एक ढकलणारा. जुने ग्रोमेट कडक झालेले असतील तर नवे बसवा. अर्थच्या जागा कानशीनं चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. दिवा मंद लागतो, इंडिकेटर लावला की टेल लॅम्प लुकलुकतो, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अर्थमध्येच असतं.

बॅटरी थेट जोडू नका. घरचे वायरमन वापरतात तसा सिरीजचा दिवा इथेही हवा: बॅटरीचं लाइव्ह टर्मिनल आणि गाडीची केबल यांच्यामध्ये तो २१ वॅटचा बल्ब. हेडलाइटचे बल्ब काढून ठेवा, इग्निशन कॉइलची वायर सोडा, स्टार्टरला हात लावू नका. हे मोठे भार आहेत, त्यांनी बल्ब असाही पेटेल आणि तुमची दिशाभूल होईल. सगळे स्विच बंद असताना बल्ब विझलेला हवा. पूर्ण उजेडानं पेटला तर शॉर्ट आहे. पण काही जळत नाही, कारण सगळा करंट त्या बल्बातून जातोय. मग एकेक स्विच लावत जा. साइड लॅम्प लावले की बल्ब आणि लॅम्प दोन्ही मिणमिणले, म्हणजे ठीक. एखादा स्विच लावताच बल्ब झगझगला आणि तो दिवा मात्र लागलाच नाही, तर त्या वायरीला बॉडी लागतेय.

सगळं नीट निघालं की बल्ब काढा, केबल थेट लावा, हेडलाइट आणि कॉइल जोडा. गाडी चालू करून अर्धा तास उभी ठेवा, मग बंद करून फ्यूजबॉक्स, हेडलाइटचा स्विच आणि तपकिरी वायरीचं टर्मिनल बोटानं चाचपून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

पहिल्या मोठ्या पावसानंतर डिकीचं कार्पेट उचलून मागच्या फाट्याशी ओल आहे का ते बघा. ओल दिसली तर दिव्यांच्या रबरी रिंगा बदला, टेप सोडवू नका.